ट्रंकेवरचा स्पीकर

पुंजाराम बोराडे तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर स्टोअरकीपर होता. सुटी वस्तू त्याला बघवत नसे. नट दिसला की त्याचा बोल्ट कुठे आहे, झाकण दिसलं की त्याचा डबा कुठे आहे, हे कळेपर्यंत त्याला चैन पडायचं नाही. एखादा फिटर हातमोज्यांतला एकच मोजा परत घेऊन आला, तर पुंजाराम त्याला खिडकीतूनच सांगायचा, "दुसरा सापडला की ये. मी थांबतो." आणि पाच वाजून गेले, सगळे बसकडे निघाले, तरी तो खरोखरच थांबायचा. साइटवर त्याला मागून 'जोडीवाला' म्हणत. त्याला ते माहीत होतं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलं नाही.

मूळ गाव परतूरकडचं. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यातली तेरा वर्षं पुंजाराम या धरणावरून त्या धरणावर कामं करीत हिंडला आणि बायको सोजराबाई गावी, सासू आणि जावांच्या राबत्या घरात राहिली. मूलबाळ नव्हतं. तारापूरला नोकरी टिकेल असं दिसलं तेव्हा त्याने बोईसरला, स्टेशनापासून दहा मिनिटांवर, चाळीतली एक खोली घेतली आणि तिला घेऊन आला. खोली त्याने स्वतः लावली. कपड्यांची खुंटी, पाण्याचा हंडा, सोजराबाईचं शिलाई मशीन, प्रत्येकाची जागा त्याने विचार करून ठरवली.

दोन वर्षं झाली. एकोणीसशे अडुसष्टचे गणपती उठले आणि तिसऱ्या दिवशी सोजराबाई त्याला जेवण वाढता वाढता म्हणाली, "दिवाळीला मला गावी पोचवा."

"जाऊ की. चार दिवस सुट्टी टाकतो."

"तुमी या परत. मी तिकडंच राहते."

पुंजारामचा घास हातातच राहिला. "कामून? कोणी काही बोललं का?"

"कोणी बोलत नाई. मन लागत नाई इथं."

एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढून भिंतीशी घेतली, पुसली, आणि नेसत्या लुगड्यांखेरीज सगळी लुगडी घडी घालून तिच्यात ठेवली. दिवाळीला अजून दीड महिना होता.

तिने रडून भांडून सांगितलं असतं तर पुंजारामला काही उत्तर देता आलं असतं. पण ती नेहमीसारखीच शांत होती. त्याला फक्त शेजारची पुष्पलता आठवली. पुष्पलता एडवणची, जिभेला धार असलेली पण मनाने मोकळी बाई. तिने त्याला मागे एकदा नळावर गाठलं होतं. "भावजी, आमची वहिनी मौनात हाय का कोणाच्या नावानं? वालाचं बिरडं केलेलं, वाटी घेऊन दारात उभी. दोनदा हाक मारली, तीनदा मारली. मान वर करल तर शपथ. आमी आपली वाटी घेऊन परत. आमचं नाय चालत तर नाय म्हणावं."

"कामात असंल हो."

"रोज?" पुष्पलता म्हणाली आणि घागर उचलून गेली. चाळीत सोजराबाईला घमेंडखोर म्हणतात हे पुंजारामच्या कानावर आलं होतं. बायको घमेंडखोर नाही हे त्याला ठाऊक होतं. मग कशी आहे, ते मात्र त्याला सांगता आलं नसतं. तिच्याबरोबर सलग राहून त्याला दोनच वर्षं झाली होती.

एक गोष्ट त्याला नक्की माहीत होती. गावी सोजराबाई गायची. देवळातलं भजन ती खांबाशी बसून ऐकायची आणि पुढे आठ दिवस भाकरी थापताना तेच गुणगुणायची. बोईसरला आल्यापासून तिच्या तोंडून त्याने एक ओळ ऐकली नव्हती. त्याला वाटलं, इथे तिच्या कानावर गाणंच पडत नाही, म्हणून मन लागत नाही. ते घरात आणलं तर?

त्याच सुमारास त्याच्या विभागातला एक अमेरिकन साहेब मायदेशी निघाला. सामान वाटताना त्याने आपला रेकॉर्ड प्लेअर आणि दोन-तीन रेकॉर्डी पुंजारामला देऊन टाकल्या. प्लेअर म्हणजे नुसती फिरती तबकडी आणि सुईचा हात. त्याला आवाज नव्हता. आवाजासाठी अ‍ॅम्प्लिफायर हवा आणि स्पीकर हवेत. साहेबाने हातवारे करून सांगितलं की हा स्टिरिओ आहे, याला दोन स्पीकर लागतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्ही अगदी सारखे पाहिजेत.

अगदी सारखे म्हटल्यावर पुंजारामला सगळं समजलं.

रविवारी तो पालघरला चंद्रभानकडे गेला. चंद्रभान रेडिओ दुरुस्त करायचा आणि लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावायचा. पालघरपासून मनोरपर्यंत असं लग्न नसेल ज्यात त्याचा कर्णा झाडावर चढला नाही. तो नगरकडचा, म्हणजे पुंजारामसारखाच घाटावरचा, म्हणून त्याला 'गाववाले' म्हणायचा.

त्याने आधी प्लेअर लावून बघितला. रेकॉर्डवरच्या बाईचा आवाज एखाद्या दाढीवाल्या बुवासारखा खर्जात आला.

"गाववाले, बाईला सर्दी झाली," चंद्रभान म्हणाला. मग त्यानेच उलगडून सांगितलं. अमेरिकेतल्या विजेची चाल वेगळी, आपल्याकडे ही मोटर सावकाश फिरते. पुंजारामने साइटच्या वर्कशॉपमधल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेची बारीक नळी कातून आणली. ती मोटरच्या चाकावर बसवल्यावर बाई बाईसारखी गायला लागली. व्होल्टेजसाठी चंद्रभानने एक छोटा ट्रान्स्फॉर्मर दिला. आता राहिला अ‍ॅम्प्लिफायर.

चंद्रभानने टेबलाखालून एक दणकट पेटी वर काढली. "हा घे. चाळीस वॅटचा. वाणगावात लावला तर डहाणूची वरात नाचंल."

"माझी खोली दहा बाय बारा आहे."

"मग कमी आवाजात लाव."

"कमी आवाजात लावायचा तर एवढा मोठा कशाला? बैलगाडीला रेल्वेचं इंजिन लावून हळू चालवायचं का?"

चंद्रभान हसला. मग तयार रेडिओग्रॅमची गोष्ट निघाली. पालघरच्या एका डॉक्टरांकडे तसला होता. चंद्रभान त्याचे व्हॉल्व्ह बदलायला निघाला तेव्हा पुंजारामही बरोबर गेला. कपाटासारखी सुंदर वस्तू. अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर सगळं एका पोटात. पुंजारामने वाकून पाहिलं. दोन स्पीकर हातभर अंतरावर शेजारी शेजारी बसवले होते. आवाज गोड होता, पण सगळा एकाच ठिकाणाहून येत होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दोन माणसं एकाच खुर्चीत बसवल्यासारखी आहेत. नको."

शेवटी चंद्रभानने हाताने बांधून द्यायचं ठरवलं. एकाच चौकटीवर दोन छोटे अ‍ॅम्प्लिफायर, प्रत्येक बाजूला चार-पाच वॅट. घराला तेवढे पुष्कळ. मागच्या पट्टीवर चार, आठ आणि सोळा असे आकडे. हे ओहमचे आकडे, चंद्रभान म्हणाला. स्पीकरवर जो आकडा छापलेला असेल त्याच आकड्याला तारा जोडायच्या. चाराचा स्पीकर सोळाला जोडला तर आवाज येईल, पण रुसल्यासारखा येईल.

"आता स्पीकर. एक नवा आठ इंची हाय माझ्याकडं. दुसरा जुन्या रेडिओतला देतो, दहा इंची. दोन्ही वाजतात."

"दोन्ही वाजतात म्हणजे जोडी झाली का?"

"अरे, वहिनीला काय कळणार हाय?"

"मला कळेल ना," पुंजाराम म्हणाला.

चंद्रभानने मुंबईहून स्पीकरांचं खोकं मागवलं. पुंजारामने आठच्या आठ स्पीकर काढून बाकावर मांडले. आधी आकडे बघितले, सगळे आठ ओहमचे. मग मीटर लावून प्रत्येक तपासला. मग प्रत्येकाच्या कागदी पडद्यावर बोटाने हलकी टिचकी मारून कान लावला. तासाभराने एकापाठोपाठच्या नंबरांचे दोन स्पीकर त्याने बाजूला काढले. सख्ख्या भावांसारखे आवाज देत होते. चंद्रभान तोवर दोन रेडिओ दुरुस्त करून मोकळा झाला होता. "तू लग्नासाठी पोरगी बघायला गेलास तेव्हाबी असाच बसला होतास का?" त्याने विचारलं.

"नाही," पुंजाराम म्हणाला. "तेव्हा वडील बोलत होते. मी खाली बघत होतो."

स्पीकरचे डबे साइटवरच्या गोमाने केले. गोमा मनोरच्या पलीकडच्या पाड्यातला. भाताची कामं नसली की सुतारांच्या हाताखाली यायचा. परदेशी यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या साइटवर मिळत, बोईसरातल्या निम्म्या चाळींतली कपाटं त्याच लाकडाची होती. गोमाने पुंजारामची मापं ऐकली आणि विचारलं, "यात ठेवाचं काय?"

"आवाज."

"आवाज ठेवाला तळ कशाला पायजे?" गोमा म्हणाला. मग आपणच विचार करून मान डोलावली. "नायतर सांडंल खाली. हां."

डबे झाले. दोन्हींच्या सांध्यांत सुई शिरली नसती. घरी आणून पुंजारामने एक डबा मशीनच्या स्टुलावर ठेवला. दुसरा तेवढ्याच उंचीवर ठेवायला हवा होता आणि खोलीत तेवढ्या उंचीची एकच वस्तू होती.

"ट्रंकेवर ठेवू का?"

"ठेवा," सोजराबाई म्हणाली. "पंधरा दिवसांचा तर प्रश्न हाय."

त्याने डबा ट्रंकेवर ठेवला. दोन्ही डब्यांपासून सारख्या अंतरावर, बरोबर मध्ये, खडूने खूण करून तिथे पाट मांडला. तो सोजराबाईचा. रविवारी दुपारी चाळ जमली. पुष्पलता आपल्या चुलत नणंदेला, सुलूला, घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "बोलावलं नाय कोणी, पण आवाज फुकट हाय म्हणून आलो."

साहेबाच्या रेकॉर्डींत एक खास स्टिरिओचा नमुना दाखवणारी होती. गाणं नव्हतं, नुसते आवाज. पुंजारामने सुई ठेवली. आगगाडी स्टुलाकडून निघाली, धडधडत खोलीच्या मधून गेली आणि ट्रंकेकडे नाहीशी झाली. सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर वळल्या. सुलूने पाय आखडून घेतले आणि सगळे हसले. मग चेंडूचा खेळ. टक् उजवीकडे, टक् डावीकडे. माना इकडून तिकडे.

पुंजाराम त्या आवाजांकडे लक्ष देत नव्हता. तो पाटावरच्या सोजराबाईकडे बघत होता. ती हसत होती, पण बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून. चेंडू वाजला की तिची मान वळायची, मात्र क्षणभर उशिरा, पुष्पलतेची मान वळल्यानंतर. शेवटी सगळे उठले. जाताना पुष्पलता म्हणाली, "झकास हाय, भावजी," आणि सोजराबाईच्या उजव्या खांद्याशी वाकून, "येतो हां, वहिनी." सोजराबाई ट्रंकेकडेच बघत राहिली. पुष्पलतेने पुंजारामकडे एक नजर टाकली. बघितलंत ना, अशी.

पुंजारामला वाटलं, यंत्रातच काही दोष आहे. उजवा स्पीकर कमी पडत असावा. त्याने स्टोअरच्या शिस्तीने एकेक गोष्ट तपासायला घेतली. तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर दोन स्पीकर एकमेकांना मारतात, एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, असं चंद्रभानने सांगितलं होतं. तारा बरोबर होत्या. आकडा आठच होता. मग त्याने बटण पिरगाळून फक्त उजवा, स्टुलावरचा स्पीकर चालू ठेवला आणि चंद्रभानकडून आणलेली भजनाची रेकॉर्ड लावली.

"पाटावर बस बरं जरा. आता कोणत्या डब्यातून येतं?"

तिने ट्रंकेकडे बोट केलं.

पुंजारामने ट्रंकेवरच्या डब्याला हात लावून पाहिला. तो गप्प होता. त्याला वाटलं, आपलीच काही गफलत झाली. त्याने दोन्ही डबे उचलून अदलाबदल केले. "आता?"

"तिकडूनच," तिने पुन्हा ट्रंक दाखवली.

त्याने बटण दुसऱ्या टोकाला फिरवलं. "आता?"

"तिकडूनच की. किती वेळ विचारता?"

मग त्याने काही फिरवलं नाही, काही बदललं नाही. तो तिच्या उजव्या बाजूला, हातभर अंतरावर येऊन बसला आणि भजन चालू असताना अगदी हळू, नेहमीच्या बोलण्यापेक्षा थोडं खाली, म्हणाला, "सोजरा."

लग्न झाल्यापासून त्याने तिला नावाने हाक मारलेली नव्हती. गावी घरातल्या मोठ्यांसमोर ते चालत नसे, आणि इथे एका खोलीत हाक मारायची गरजच पडली नाही. सोजराबाईची पापणी हलली नाही. ती ट्रंकेकडे बघत मांडीवर बोटांनी ताल धरून बसली होती.

पुंजारामने उठून सुई उचलली. खोली एकदम शांत झाली तशी तिने वळून बघितलं, आणि त्याचा चेहरा बघून तिला सगळं कळलं. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"कधीपासून?" त्याने विचारलं. या वेळी तो समोर बसला होता.

"सात वर्षांची होते. गालगुंडं झाली होती. ताप उतरला अन् उजवा कान गेला." ती जमिनीवरच्या खडूच्या खुणेकडे बघत बोलत होती. "माय म्हणली, कोणाला सांगू नको. वरून दिसत नाई तर सांगायचं कशाला. पाहायला आलात तेव्हा तिनं मला उजवीकडं भिंत धरून बसवलं होतं."

"पंधरा वर्षं मला कळलं नाही."

"मी कळू दिलं नाई. त्यात तुमचा काय दोष?"

"मग गावी कसं काय..."

"गावी मला सगळ्या जागा ठाव्या हायेत. चुलीपाशी उजवीकडं भिंत. देवळात उजवीकडं खांब. विहिरीवर ज्या येतात त्या डाव्या हाताच्या वाटेनं. इथं दार एकीकडं अन् कान दुसरीकडं. कोण येऊन गेलं, कोण काय बोललं, मला ठावंच नाई. मग त्या तोंड फिरवतात. त्यांचं तरी काय चुकलं?"

पुंजारामने शिलाई मशीनकडे बघितलं. ते त्याने लावलं होतं. शिवताना उजेड डावीकडून यावा, हाताची सावली सुईवर पडू नये, हा नियम त्याने कुठेतरी वाचला होता आणि त्याप्रमाणे मशीन मागच्या खिडकीशी बसवलं होतं. सोजराबाई दिवसाचे पाच-सहा तास तिथे शिवत बसायची. चांगला कान खिडकीकडे, जिथून फक्त रुळांवरच्या गाड्या ऐकू यायच्या, त्यात मशीनची खडखड. दाराकडे दुसरा. दोन वर्षं तिला तिथे त्यानेच बसवलं होतं, आणि ती एका शब्दाने बोलली नव्हती.

तो उठला. मशीनवरचं कापड बाजूला ठेवलं, मशीन उचलून पूर्ण फिरवलं, आणि स्टूलही त्या बाजूला नेलं. आता बसणारीची डावी बाजू दाराकडे येत होती.

"सावली पडंल सुईवर," सोजराबाई म्हणाली.

"पडू दे."

"पडू दे," मग तीही म्हणाली. "टाके माझ्या हाताला पाठ हायेत."

स्टुलावरचा डबा खाली आला होता. पुंजारामने तो ट्रंकेच्या अलीकडे एका रिकाम्या खोक्यावर ठेवला. खडूची खूण ओल्या फडक्याने पुसली आणि पाट पार उजव्या भिंतीशी नेला. आता दोन्ही स्पीकर सोजराबाईच्या डाव्या बाजूला येत होते. स्टिरिओच्या हिशेबाने हे साफ चूक होतं. दोन्ही डब्यांच्या मधोमध बसायचं, असं साहेबाने आणि चंद्रभानने दोघांनीही बजावलं होतं. पुंजारामने सुई ठेवली आणि पाटाच्या डाव्या अंगाला जमिनीवर बसला. गाणाऱ्या बाईंनी सूर लावला. दुसऱ्या कडव्याला त्याला शेजारून अगदी बारीक गुणगुण ऐकू आली. त्याने वळून बघितलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी तो साइटवरून आला तेव्हा त्याच्या दाराशी चपलांचा एक जोड होता. बायकी, अंगठा झिजलेला. आत पुष्पलता मशीनशेजारी पाटावर पाय पसरून लसूण सोलत बसली होती.

"या भावजी. वहिनीनं सांगितलं मला. आदी बोलायचं ना. मी आपली दोन वर्षं भिंतीसंगं भांडत होते."

"भिंत बरी असते," सोजराबाई म्हणाली. "उलट बोलत नाई."

"ऐकलंत? आता जीभबी हाय हिला." पुष्पलता खूश होऊन म्हणाली.

दिवाळी आठवड्यावर आली. पुंजारामची सुट्टी मंजूर झाली होती. ती परत येणार का, हे त्याने विचारलं नाही, तिनेही विषय काढला नाही. विचारलं तर उत्तर येईल, आणि ते कोणतं येईल याची त्याला खात्री नव्हती. एका सकाळी तो कामावर निघताना ट्रंकेशी थांबला आणि डब्याला हात घातला. "हा खाली काढून ठेवतो. तुला सामान भरायला लागेल."

सोजराबाई पाठमोरी पोळी लाटत होती. तो डावीकडेच उभा होता. "राहू द्या तिथंच," ती म्हणाली. "तिथून आवाज बरा येतो."

त्या संध्याकाळी त्याने घरी आल्यावर भजनाची रेकॉर्ड लावली. मृदंगाची पहिली थाप पडली आणि ट्रंकेचा पत्रा झणझणला. दुसऱ्या थापेला पुन्हा. इतके दिवस असं कधी झालं नव्हतं. पुंजारामने सुई उचलली, स्पीकर काढून खाटेवर ठेवला आणि ट्रंकेचं झाकण उघडलं. आत तळाला एक जुनं वर्तमानपत्र होतं आणि दोन डांबराच्या गोळ्या. त्याने वर बघितलं. फळीवर, त्याच्या सदऱ्यांशेजारी, सोजराबाईची लुगडी घडी घालून रचलेली होती.

त्याने झाकण लावलं. स्पीकर पूर्वीच्याच जागी ठेवला आणि रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.

दिवाळीला दोघं गावी गेले आणि पाचव्या दिवशी दोघं परत आले. पुढे एकदा चंद्रभान घरी जेवायला आला. ट्रंक प्रत्येक थापेला झणझणत होती. त्याने कपाळाला आठ्या घालून विचारलं, "गाववाले, तुझ्या घरात हे? खाली दोन पदरी गोणपाट घाल, नाहीतर ट्रंकेत काहीतरी भर."

"नको," पुंजाराम म्हणाला. "वाजू दे."